अडथळ्यांची शर्यत

अडथळ्यांच्या शर्यतीत उड्या मारावयाच्या असतात, असा आपल्या शाळेतील पुष्कळ मुलांचा समज दिसतो. वस्तुतः तेथे धावावयाचेच असते. उडी जितकी उंच, तितका वेळ अधिक दवडला जातो. ११० मीटरांत १०६.७ सेंटिमीटर उंचीचे १० अडथळे, दोहोंमधील अंतर ९.१४ मीटर, आणि तेवढ्यात पावले तीनच! चौथे पडले की पुढचा पाय बदलतो व सारा ठेका बिघडतो.

मुंबईच्या सिद्धांत थिंगलाया यांचा १३.४८ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम २०१७ सालचा. महाराष्ट्राच्याच तेजस शिरसे यांनी २२ मे २०२४ रोजी फिनलंडमध्ये १३.४१ सेकंदांत धावून तो मोडला. सात वर्षांत अवघे सात शतांश सेकंद! तेवढ्यानेही पॅरिस ऑलिंपिकचे दार उघडले नाही. थेट प्रवेशास १३.२७ हवे होते.