मोटार : नवी की जुनी?

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे मराठी माणूस पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आला आहे. ही म्हण रूढ झाली त्या काळी कोणाच्या दाराशी मोटार उभी नव्हती. असती, तर म्हणीत आणखी एका पदाची भर पडली असती. मध्यम उत्पन्नाच्या कुटुंबात घराखालोखाल मोठी खरेदी बहुधा मोटारीचीच असते. फरक एवढाच, की घराची किंमत सहसा वाढत जाते आणि मोटारीची हटकून उतरत जाते. म्हणूनच मोटार नवी घ्यावी की कोणी वापरलेली घ्यावी, हा प्रश्न हौसेचा कमी आणि हिशेबाचा अधिक आहे.

जबलपूरसारख्या शहरात तो विशेष निकडीने उभा राहतो. मध्य प्रदेशचे उच्च न्यायालय १९५६ पासून येथे आहे. पश्चिम मध्य रेल्वेचे मुख्यालय येथे आहे. १९०४ साली सुरू झालेली गन कॅरेज फॅक्टरी, वाहननिर्मितीचा कारखाना आणि सैन्याची प्रशिक्षण केंद्रे येथेच आहेत. साहजिकच बदलीवर येणाऱ्या आणि बदलीवर जाणाऱ्या कुटुंबांची वर्दळ या शहरात अखंड चालू असते. जाणारा मोटार विकू पाहतो, येणारा घेऊ पाहतो. त्यातून येथील अनेक मराठी घरांचे नातेगोते नागपुरात. तेव्हा ‘मामांची गाडी विकायची आहे’ असा निरोपही अधूनमधून येतोच.

जुनी वस्तू नव्यापेक्षा स्वस्त असावी, हे आज स्वयंसिद्ध वाटते. परंतु आपल्या देशात मोटारीच्या बाबतीत ते नेहमीच खरे नव्हते. ॲम्बॅसिडर, फियाट आणि स्टँडर्ड एवढ्याच मोटारी जेव्हा प्रामुख्याने मिळत, तेव्हा मागणी फार आणि उत्पादन अल्प अशी स्थिती होती. १९५९ मध्ये सरकारने मोटारींच्या वितरणावर व विक्रीवर नियंत्रण आणले. नाव नोंदवून ग्राहकाने वर्षानुवर्षे वाट पाहावी आणि ज्याला थांबणे शक्य नाही त्याने वापरलेली फियाट नव्या फियाटहून अधिक दाम मोजून घ्यावी, असा उफराटा व्यवहार त्या काळी चाले. डिसेंबर १९८३ मध्ये मारुतीची पहिली मोटार रस्त्यावर आली आणि पुढील वर्षांत ही टंचाई ओसरत गेली. तेव्हापासून झिजलेली वस्तू स्वस्त, हा निसर्गक्रम पुन्हा लागू झाला.

ही झीज किती धरावी? विम्याच्या व्यवहारात त्याचे एक कोष्टक रूढ आहे. सहा महिन्यांपर्यंतच्या मोटारीच्या किमतीतून ५ टक्के वजा होतात, एक वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीन वर्षांपर्यंत ३०, चार वर्षांपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के. बाजार हे कोष्टक तंतोतंत पाळतो असे नाही. मोटारीचे नाव, रंग, इंधन, गिऱ्हाइकाची गरज यांवर भाव हलतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हा जुन्या मोटारींच्या भावाचा पायाही आपोआप खाली सरकला. तरी ढोबळ हिशेबाला हे कोष्टक पुरेसे आहे.

समजा, एका गृहस्थाने ८ लाखांची नवी मोटार घेतली आणि दोन वर्षे पुरी होताच विकली. ३० टक्के घसाऱ्याने तिचे ५ लाख ६० हजार आले. म्हणजे दोन वर्षांत २ लाख ४० हजार झिजले. तीच मोटार दुसऱ्याने घेतली आणि आणखी दोन वर्षे वापरून ५० टक्के घसाऱ्याने ४ लाखांना विकली. त्याचे १ लाख ६० हजार झिजले. दुसऱ्याची बचत ८० हजारांची झाली.

येथेच पुष्कळांचा हिशेब थांबतो, आणि तो चुकतोही येथेच. हे ८० हजार निव्वळ नफा नव्हेत. नव्या मोटारीची जामीनकी कारखानदार घेतो. जुन्या मोटारीच्या अंगातील दडलेल्या दोषाची जबाबदारी घेणाराच घेतो. ८० हजार हा त्या जबाबदारीचा मोबदला आहे. चार टायर, क्लच आणि वातानुकूलनाचा कॉम्प्रेसर एवढे एका वर्षात बदलावे लागले, तर त्यातील बराचसा भाग उडून जातो. तेव्हा वाचलेली रक्कम दुरुस्तीसाठी बाजूला ठेवण्याची ज्याची तयारी आहे, त्यानेच जुन्या मोटारीकडे वळावे. सगळी शिल्लक किमतीतच घालून जुनी, पण मोठी मोटार घेणारा दोन्हीकडून अडचणीत येतो. कारण किंमत उतरली तरी मोठ्या मोटारीच्या सुट्या भागांचे दाम उतरत नाहीत.

याचे उत्तम उदाहरण जबलपूरनेच देशाला दिले आहे. येथील वाहन कारखान्यात निसानच्या नमुन्यावरून सैन्यासाठी बांधलेल्या दणकट गाडीला ‘जोंगा’ हे नाव मिळाले. त्या नावाचे पहिले अक्षरच जबलपूरचे आहे. सुमारे चार लिटरचे, सहा सिलिंडरांचे पेट्रोल इंजिन असलेली ही गाडी डोंगर, नदी, चिखल कशालाही बधत नसे. तिचे उत्पादन १९९९ मध्ये थांबले. सैन्याने सेवेतून काढलेल्या जोंगा लिलावातून नागरिकांच्या हाती आल्या आणि हौशी लोकांनी त्या आवडीने घेतल्या. लिलावाची अट अशी, की माल जसा आहे तसा आणि जेथे आहे तेथे उचलावा. मागाहून तक्रार चालत नाही. गाडी बळकट, भाव माफक. परंतु पेट्रोलची तहान राक्षसी आणि सुटे भाग शोधत फिरण्याची पाळी. त्यावर उपाय म्हणून कोणी डिझेल इंजिन बसवी. पण असा बदल परिवहन कार्यालयाच्या परवानगीवाचून व नोंदणीपुस्तकातील नोंदीवाचून केला, तर तो कायद्याने दोष ठरतो. ज्याला छंद जोपासायचा आहे त्याला जोंगा शोभते. ज्याला रोज मुलांना शाळेत पोहोचवायचे आहे त्याला नाही.

जुन्या मोटारीची परीक्षा दोन ठिकाणी होते, रस्त्यावर आणि कागदावर. ती पाहावयास सकाळी जावे आणि इंजिन आधी तापवू नये, असे मालकास सांगून ठेवावे. थंड इंजिन खरे बोलते. निळसर धूर तेल जळत असल्याचे सांगतो; न थांबणारा पांढरा धूर इंजिनात पाणी शिरत असल्याची शंका निर्माण करतो. टायरच्या कडेवर चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे आणि पुढील दोन वर्षाचे. ‘२३२२’ म्हणजे २०२२ सालचा तेविसावा आठवडा. किलोमीटरचा आकडा लहान आणि ब्रेकच्या पायट्याचे रबर मात्र गुळगुळीत, असे दिसल्यास आकड्यावर विश्वास ठेवू नये. सतरंजी उचलून खाली गाळ किंवा गंज आहे का, हे पाहावे. पुराच्या पाण्यात बुडालेली मोटार वरून कितीही चकचकीत करता येते. शेवटी भरवशाचा मिस्त्री बरोबर घेऊन भेडाघाटपर्यंत जाऊन यावे. जबलपूरचा मे महिना पारा ४२ अंशांच्या वर नेतो. तेव्हा वातानुकूलन चालू ठेवून भर गर्दीतून येताना तापमानाचा काटा स्थिर राहतो का, हे जरूर पाहावे.

कागदाची परीक्षा याहून महत्त्वाची. चासी व इंजिनाचे क्रमांक नोंदणीपुस्तकाशी जुळले पाहिजेत. कर्जाची नोंद असेल, तर बँकेचे नाहरकतपत्र घेऊन ती काढून टाकली पाहिजे. खासगी मोटारीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. त्यांपैकी किती उरली, हे मोजले पाहिजे. नागपूरच्या मामांची मोटार असली, तरी तेथील परिवहन कार्यालयाचे नाहरकतपत्र लागते आणि १२ महिन्यांहून अधिक काळ ती येथे ठेवायची, तर मध्य प्रदेशात नवा क्रमांक घेऊन येथील कर भरावा लागतो. भाव ठरवताना तो खर्च धरावाच. ज्यांची नोकरी राज्याराज्यांतून फिरण्याची आहे, अशा पात्र नोकरदारांसाठी सप्टेंबर २०२१ पासून ‘बी.एच.’ या अक्षरांची नोंदणी सुरू झाली आहे. त्यांनी तिचा विचार करावा.

नाव बदलण्याचे काम ‘मग करू’ म्हणून ठेवणे सर्वांत घातक. सर्वोच्च न्यायालयासमोर २०१८ मध्ये एक प्रकरण आले. मोटार विकली गेली होती, पुढेही ती हातोहाती गेली. परंतु नोंदणी पहिल्याच मालकाच्या नावे राहिली आणि तिच्याखाली माणूस दगावला. भरपाईची जबाबदारी नोंदलेल्या मालकाचीच, असा निर्णय झाला. म्हणजे नाव बदलून देणे हे विकणाऱ्याच्याही हिताचे आहे. नात्यातला व्यवहार असला तर ही काळजी दुप्पट घ्यावी. भिडेपोटी राहिलेला कागद पुढे नाते तोडतो.

या साऱ्याचा निष्कर्ष कठीण नाही. मोटार आठ-दहा वर्षे ठेवायची आहे, प्रवास पुष्कळ आहे, घरात वृद्ध माणसे आहेत आणि वाटेत अडकणे परवडत नाही, अशा कुटुंबाने झेपेल तेवढी लहान, पण नवी मोटार घ्यावी; घसारा वर्षांवर विभागला की हलका होतो. दोन-तीन वर्षांत बदली ठरलेली आहे, वापर बेताचा आहे किंवा हात अजून बसायचा आहे, अशाने दोन ते चार वर्षे वापरलेली, एकाच मालकाची आणि देखभालीच्या पावत्या असलेली मोटार पाहावी. पावत्या नसतील आणि पूर्वीचा मालक भेटत नसेल, तर भाव कितीही गोड असला तरी मागे फिरावे. नवी की जुनी, हे शेजारी चार दिवस विचारतात. तिच्या पायी महिनाअखेरीस हात आखडावा लागतो का, हे घरातल्यांना रोज कळते. निर्णय त्यांच्याकडे पाहून करावा.