कूस बदलली की घर फिरतं

मागच्या आठवड्यात कान फुटण्याचा विषय संपवला आणि आता कानात वाजणाऱ्या आवाजाकडे वळू, असं म्हटलं होतं. तो भाग एक आठवडा थांबेल. कारण सांगलीहून आलेलं एक पत्र.

पत्र लिहिणाऱ्या बाई साठीच्या आहेत. दोन वर्षांपासून त्यांना चक्कर येते. पहाटे उठून बसताना येते, रात्री उजव्या कुशीवर वळलं की येते, आणि फडताळातल्या वरच्या फळीवरचा डबा काढायला मान वर केली की हमखास येते. अख्खी खोली गरगर फिरते, मळमळतं, आणि अर्ध्या-पाऊण मिनिटात सगळं थांबतं. मानेचा एक्स-रे झाला, मणक्यात गॅप निघाली, गळ्यात पट्टा आला. चक्कर थांबवायच्या गोळ्या तेव्हापासून चालूच आहेत. मेंदूचा एमआरआय केला, तो नॉर्मल आला. आता त्या आरामखुर्चीत बसून झोपतात, कारण आडवं व्हायचीच भीती वाटते. शेवटी विचारलंय, "डॉक्टर, मानेचं ऑपरेशन करून घ्यावं का?"

पत्रावरून निदान करायचं नसतं आणि मी ते करत नाही. पण हे वर्णन वाचून कानाच्या कुठल्याही डॉक्टरच्या मनात पहिलं नाव येईल ते मानेच्या आजाराचं नसेल. ते असेल बीपीपीव्ही, म्हणजे बिनाइन पॅरॉक्सिझमल पोझिशनल व्हर्टिगो. ओपीडीत एवढं लांबलचक नाव कोण घेणार? आम्ही सांगतो, "कानातले खडे सरकलेत." कानामुळे येणाऱ्या चकरांमध्ये हा सगळ्यात जास्त आढळणारा आजार आणि बरा करायलाही सगळ्यात सोपा. तरी माणसं वर्षानुवर्षं पट्टा लावून, गोळ्या खाऊन, खुर्चीत बसून रात्री काढतात, याची मला मनापासून चीड येते. म्हणून हा सगळा भाग याच एका गोष्टीला दिला आहे.

आतल्या कानाचं चित्र पहिल्या भागात पाहिलंच आहे. ऐकण्याचं काम करणाऱ्या शंखाच्या शेजारी तीन अर्धवर्तुळाकार नळ्या, एकमेकींना काटकोनात बसवलेल्या, आत पाण्यासारखा द्रव. डोकं कुठल्याही दिशेला वळलं की त्या त्या नळीतला द्रव हलतो आणि मेंदूला कळतं की आपण वळतोय. या नळ्या जिथे येऊन मिळतात तिथे युट्रिकल नावाची एक पिशवी आहे. त्या पिशवीत एका मऊ थरावर कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक स्फटिक चिकटलेले असतात, साधारण मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढे. गुरुत्वाकर्षण कुठल्या बाजूला आहे हे कळावं म्हणून निसर्गानं दिलेलं ते वजन आहे. वय वाढलं, डोक्याला मार बसला, बरेच दिवस अंथरुणाला खिळून राहावं लागलं, किंवा काहीच कारण नसताना, यातले काही खडे सुटतात आणि घरंगळत एखाद्या नळीत शिरतात. बहुतेक वेळा मागच्या नळीत, कारण ती सगळ्यात खाली आहे.

आता माणूस कूस बदलतो. खडे नळीतून खाली सरकतात, सरकताना द्रवाला ओढतात. डोकं थांबलेलं असतं, पण द्रव अजून हलत असतो. तो कान ओरडून सांगतो की आपण फिरतोय, दुसरा कान म्हणतो, नाही. डोळे पहिल्या कानाचं ऐकतात आणि फिरू लागतात. डोळे फिरले की खोली फिरते.

एवढं डोळ्यांसमोर आणलं की या आजाराच्या सगळ्या खोड्या आपोआप कळतात. आडवं झाल्याबरोबर चक्कर येत नाही, दोन-चार सेकंदांनी येते. खडे सरकायला तेवढा वेळ लागतो. एका मिनिटाच्या आत थांबते, कारण खडे तळाशी जाऊन बसतात. लागोपाठ तीच हालचाल केली तर दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा जोर कमी होतो, कारण खडे पांगलेले असतात. ऐकू कमी येत नाही, कारण शंखाला काहीच झालेलं नसतं. हे सगळं रुग्ण स्वतःच सांगतो, फक्त विचारावं लागतं. चक्कर कशी येते यावर मी फार वेळ घालवत नाही. काय केलं की येते आणि किती वेळ टिकते, या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली की बहुतेक काम झालं.

इथे रॉबर्ट बारानी यांच्याबद्दल सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. व्हिएन्नातला हा कानाचा डॉक्टर. कानात पाण्याची पिचकारी मारली की काही रुग्णांना चक्कर येते आणि डोळे हिसके देत हलतात, हे त्या काळच्या सगळ्याच डॉक्टरांनी पाहिलं होतं. बारानींनी त्यापुढचं पाहिलं. पाणी गार असेल तर डोळे एका दिशेला हलतात, जास्त गरम असेल तर उलट दिशेला. गार-गरम पाण्यानं नळीतला द्रव खाली-वर होतो, हे त्यांनी ताडलं आणि त्यातून आतल्या कानाची तपासणीच उभी केली. मळ काढताना पाणी अंगाच्या उष्णतेइतकंच कोमट हवं, असा जो आग्रह मी दुसऱ्या भागात धरला होता, त्याचं कारण हेच. या कामासाठी त्यांना 1914 चं नोबेल मिळालं, तेव्हा ते पहिल्या महायुद्धात रशियाचे युद्धकैदी होते, आजच्या तुर्कमेनिस्तानातल्या मर्व्ह इथल्या छावणीत. स्वीडनच्या राजघराण्यानं शब्द टाकला आणि 1916 मध्ये त्यांची सुटका झाली. पुढे 1921 मध्ये त्यांनी एका तरुण बाईची नोंद केली. तिला उजव्या कुशीवर झोपलं की चक्कर यायची. शंभर वर्षांपूर्वीची ती बाई आणि सांगलीच्या या बाई, तक्रार एकच.

त्यानंतर 1952 मध्ये लंडनच्या मार्गारेट डिक्स आणि चार्ल्स हॉलपाइक यांनी तपासणीची पद्धत नेमकी लिहून काढली. डिक्सबाई मूळच्या सर्जन होणार होत्या. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बाँब पडले त्यात त्यांच्या चेहऱ्याला आणि डोळ्यांना इजा झाली आणि शस्त्रक्रियेचा रस्ता बंद झाला. मग त्या या विषयाकडे वळल्या आणि पुढची वर्षं रुग्णांच्या डोळ्यांच्या हालचाली निरखण्यात घालवली.

त्यांची ती तपासणी आजही आम्ही तशीच करतो. रुग्णाला तपासणीच्या पलंगावर पाय लांब करून बसवायचं. डोकं एका बाजूला 45 अंशांत वळवायचं, दोन्ही हातांनी धरायचं आणि झटकन पाठीवर आडवं करायचं, डोकं पलंगाच्या कडेवरून थोडं खाली लोंबेल असं. डोळे उघडे ठेवा, हे आधीच बजावून सांगावं लागतं, कारण चक्कर आली की प्रत्येक जण डोळे गच्च मिटतो. मग वाट पाहायची. एक, दोन, तीन सेकंद काहीच होत नाही. रुग्णाला वाटतं, आज काही होत नाही बहुतेक. आणि मग बुबुळ हिसके देत वर जातं आणि खालच्या कानाकडे वळत गोल फिरू लागतं. पांढऱ्या भागावरच्या लाल शिरा नीट पाहिल्या तर डोळा आपल्याच आसाभोवती फिरताना स्पष्ट दिसतो. रुग्णानं तोवर माझं मनगट घट्ट पकडलेलं असतं. वेग वाढतो, मंदावतो, थांबतो. पंधरा-वीस सेकंद. निदान झालं. यासाठी एक पलंग लागतो आणि बघणारे डोळे. एक्स-रे लागत नाही, एमआरआयही लागत नाही, आणि खडे एमआरआयमध्ये दिसतही नाहीत.

उपचाराची गोष्ट अमेरिकेतल्या पोर्टलंडची. तिथले डॉक्टर जॉन एप्ली यांच्या डोक्यात आलं की खडे नळीत शिरलेच असतील, तर डोकं योग्य क्रमानं फिरवून ते आल्या वाटेनं बाहेरही काढता येतील. मुलांच्या खेळण्यात डबी हळूहळू तिरकी करत छर्रा चक्रव्यूहातून बाहेर काढतात ना, अगदी तसं. 1980 च्या सुमारास त्यांनी हे लोकांना दाखवायला सुरुवात केली, आणि त्यांच्याच क्षेत्रातल्या अनेकांनी नाकं मुरडली. औषध नाही, चाकू नाही, नुसतं डोकं वळवून रोग बरा होतो यावर कोण विश्वास ठेवणार? त्या काळी हट्टी रुग्णांसाठी त्या नळीची नस कापण्याची नाजूक शस्त्रक्रिया होत असे. एप्लींचा लेख नियतकालिकांकडून परत येत राहिला आणि अखेर 1992 मध्ये छापला गेला. त्याच वर्षी कॅनडातल्या पार्न्स आणि मॅक्लुअर यांनी शस्त्रक्रियेत उघडलेल्या नळीत तरंगणारे कण प्रत्यक्ष पाहिल्याचं प्रसिद्ध केलं. आज एप्लींची पद्धत जगभर पहिला उपचार म्हणून वापरतात.

ती अशी. समजा उजव्या कानात दोष आहे. डिक्स-हॉलपाइक तपासणीत उजवीकडे डोकं करून आडवं केलेलंच असतं. चक्कर थांबेपर्यंत आणि वर आणखी अर्धा मिनिट तसंच ठेवायचं. मग डोकं न उचलता डावीकडे 90 अंश वळवायचं, थांबायचं. मग रुग्णानं डाव्या कुशीवर वळायचं, नाक जमिनीकडे येईल इतकं. पुन्हा थांबायचं. मग हनुवटी छातीकडे घेऊन सावकाश उठून बसायचं. पाचएक मिनिटांचं काम. एक-दोन बैठकांत दहापैकी आठेक जण मोकळे होतात. त्यानंतर काही दिवस तोल थोडा डळमळीत वाटू शकतो, त्याला घाबरू नये. पूर्वी यानंतर दोन रात्री बसून झोपायला सांगायचे. त्यानं विशेष फरक पडत नाही हे नंतर दिसून आलं, त्यामुळे मी आता सांगत नाही. खडे आडव्या नळीत असतील तर वळवण्याची रीत वेगळी. ते डॉक्टर डोळे पाहून ठरवतील.

आता मानेबद्दल. पन्नाशीनंतर कुणाच्याही मानेचा एक्स-रे काढा, झीज दिसणारच. केस पिकावेत तसं ते वयाचं लक्षण आहे. एक्स-रेमध्ये झीज दिसली आणि रुग्णाला चक्कर येते, म्हणून चक्कर मानेमुळे, हा निष्कर्ष चुकीचा आहे. बिछान्यात कूस बदलताना येणारी, मिनिटात थांबणारी चक्कर मणक्याच्या माथी मारण्याआधी एकदा तरी डोळे पाहायला हवेत. पट्टा लावल्यावर काहींना बरं वाटतं, कारण पट्ट्यामुळे मान हलत नाही आणि मग खडेही सरकत नाहीत.

गोळ्यांचंही तेच. बीटाहिस्टीन, सिनारिझिन, प्रोक्लोरपेराझिन यांपैकी कुठलीही गोळी खडा जागेवर नेऊन ठेवत नाही. मळमळ फार असेल तर दोन-चार दिवस घ्यावी, पण महिनोन्‌महिने नाही. सिनारिझिन आणि प्रोक्लोरपेराझिन वयस्क माणसांनी दीर्घकाळ घेतल्या तर हात कापणं, चाल मंदावणं अशी पार्किन्सनसारखी लक्षणं येऊ शकतात. मात्र चालू गोळ्या हा लेख वाचून स्वतःच बंद करू नका. चिठ्ठी घेऊन डॉक्टरांकडे जा आणि ही अजून हवी आहे का, असं सरळ विचारा.

प्रत्येक चक्कर खड्यांची नसते, हे मात्र पक्कं लक्षात ठेवा. चक्कर तासन्‌तास सलग टिकली, बोलणं अडखळलं, एकाच्या दोन वस्तू दिसल्या, तोंड वाकडं झालं, हात-पाय बधिर किंवा लुळे पडले, आधाराशिवाय उभं राहता येईना, किंवा कधी नव्हे असं डोकं दुखू लागलं, तर तो मेंदूचा झटका असू शकतो. तिथे एप्ली करत बसायचं नाही, 108 ला फोन करून मोठं हॉस्पिटल गाठायचं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण पहिल्या साडेचार तासांतच देता येतं. चक्करेबरोबर एका कानानं अचानक ऐकू येईनासं झालं, तरी त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरकडे जायला हवं.

सांगलीच्या बाईंनी आणखी दोन गोष्टी विचारल्या आहेत. हे पुन्हा होतं का? होतं. पाच वर्षांत साधारण निम्म्या लोकांना परत त्रास होतो, आणि तेव्हा पुन्हा तेच करायचं. वारंवार होत असेल तर ड जीवनसत्त्व तपासून घ्यावं. ते कमी असलेल्यांनी भरून काढलं तर पुनरावृत्ती कमी होते असं आढळलं आहे. दुसरं, व्हिडिओ पाहून घरी करू का? पहिल्या वेळी नको. कुठला कान आणि कुठली नळी हे आधी ठरायला हवं, आणि मानेची गंभीर दुखापत किंवा डोळ्याच्या पडद्याची नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल तर डॉक्टरांना आधी सांगायला हवं. एकदा डॉक्टरांनी करून दाखवलं, बाजू लिहून दिली, की पुढच्या वेळी घरातलं कुणी शेजारी असताना करायला हरकत नाही.

आणि मानेच्या ऑपरेशनचं विचारलंत बाई, तर चक्कर थांबवण्यासाठी ते करून घेऊ नका. सांगलीत कान-नाक-घशाचे डॉक्टर आहेत. जाताना हे कात्रण न्या आणि आडवं झोपवून डोळे तपासायला सांगा. सोबत कुणाला तरी न्या, त्यानंतर लगेच दुचाकीवर बसू नका, आणि सकाळी फार भरपेट खाऊन जाऊ नका.

कानात वाजणाऱ्या आवाजाचा भाग पुढच्या आठवड्यात नक्की. त्याबद्दल ज्यांनी पत्रं पाठवली आहेत, त्यांनी तोवर ऐकण्याची तपासणी करून ऑडिओग्रामचा कागद हाताशी ठेवावा. तो आलेख समोर धरूनच पुढचं बोलायचं आहे.