८९ डेसिबल

एमपीथ्री सीडींच्या दिवसांत, म्हणजे २००० सालाच्या आगेमागे, गाणी ऐकणाऱ्याचा एक हात कायम व्हॉल्यूमच्या बटणावर असे. एकाच सीडीत दीडशे गाणी सहज मावत. बालगंधर्वांच्या तबकडीवरून उतरवलेलं नाट्यपद, कॅसेटवरून घेतलेलं भावगीत आणि त्याला लागूनच एखादं ताजं हिंदी रिमिक्स. पद नीट ऐकू यावं म्हणून आवाज वाढवावा, तर पुढच्या गाण्याला घरातली झोपलेली मंडळी उठायची.

संगणकावर यावर एक उपाय होता, ‘नॉर्मलाइज’. २००० साली आलेल्या ऑडॅसिटीसारख्या प्रोग्रॅममध्ये फाइल उघडायची. प्रोग्रॅम तिच्यातलं सर्वांत उंच टोक शोधणार आणि ते कमाल मर्यादेला टेकेपर्यंत सगळा आवाज वाढवणार. जुन्या तबकड्यांपुढे हा उपाय हमखास आपटी खाई. सुई ओरखड्यावरून जाताना होणारी एखादी ‘टक्’ क्षणभराचीच असते, पण तिचं टोक गाण्याच्या कितीतरी वर जातं. प्रोग्रॅम नेमकी तीच मोजे आणि आता वाढवायला जागा नाही म्हणून हात वर करी. शिवाय एमपीथ्री उलगडून, बदलून पुन्हा एमपीथ्री करायची म्हणजे दर खेपेला दर्जा थोडा घसरणार, ते वेगळंच.

कानाला एखादं गाणं मोठं का वाटतं, हे टोकांवर ठरत नाही. २००१ साली डेव्हिड रॉबिन्सन यांनी ‘रिप्लेगेन’ची कल्पना मांडली ती यावरच. कान कमी-जास्त संवेदनशील कुठे आहे त्याप्रमाणे आवाज गाळून घ्यायचा, गाण्याचे ५० मिलिसेकंदांचे तुकडे पाडायचे, प्रत्येकाची ताकद मोजून ते उतरंडीने लावायचे आणि ९५ टक्के तुकडे ज्याच्या खाली राहतील तो आकडा गाण्याचा धरायचा. म्हणजे एका ‘टक्’ची मिजास संपली. तुलनेसाठी सिनेमागृहांच्या प्रमाणावरून ८३ डेसिबलची पातळी घेतली होती. ती फार हळू वाटते म्हणून ८९ झाली.

गाणं या पातळीवर आणायला आवाज किती कमी-जास्त करायचा तो आकडा फाइलच्या टॅगमध्ये लिहून ठेवायचा आणि वाजवणाऱ्या प्रोग्रॅमने तो पाळायचा, अशी मूळ योजना. संगणकावर ती चालली. गाडीतले आणि घरातले स्वस्त प्लेअर मात्र असल्या टॅगकडे ढुंकूनही पाहत नसत. ग्लेन सॉयर यांच्या ‘एमपीथ्रीगेन’ने इथे खरी हुशारी दाखवली. एमपीथ्री फाइल म्हणजे सुमारे २६ मिलिसेकंदांच्या चौकटींची माळ; चार मिनिटांच्या गाण्यात अशा नऊ हजारांवर चौकटी. चौकटीतल्या ध्वनीबरोबर त्याची एकूण पातळी सांगणारा एक छोटा आकडा असतो आणि तो वाचल्याशिवाय कुठल्याच प्लेअरला गाणं वाजवता येत नाही. एमपीथ्रीगेन फक्त तेवढा आकडा बदली. ध्वनीला हात नाही, दर्जाला धक्का नाही, आणि किती बदललं याची नोंद फाइलमध्येच, म्हणजे वाटेल तेव्हा पूर्ववत. अडचण एकच, हा आकडा दीड डेसिबलच्या पायऱ्यांनीच हलतो. माझ्या मते इतकं नेमस्त सॉफ्टवेअर त्या दशकात दुसरं झालं नाही, खिडकी दिसायला रुक्ष असली तरी.

त्या खिडकीत दोन बटणं होती, ‘ट्रॅक गेन’ आणि ‘अल्बम गेन’. घाईत पहिलंच दाबलं जाई. शास्त्रीय गायनाच्या ध्वनिमुद्रिकेत विलंबित एका फाइलीत आणि द्रुत दुसऱ्या फाइलीत असेल, तर ट्रॅक गेन दोघांना एकाच पातळीवर आणून बसवी. गवयाने संथ सुरुवातीतून चढत नेलेली मैफल अशी सपाट होई. अल्बम गेन सगळ्या फाइलींना एकाच मापाने हलवी, त्यामुळे चढउतार शाबूत राहत.

त्याच खिडकीत एक गोष्ट उघडी पडे. जुनी गाणी ८९ च्या अलीकडेपलीकडे, तर नव्या पॉपच्या फाइली ९८-९९ वर, आणि त्यांच्यासमोर आवाज फाटत असल्याची लाल खूण. दुसऱ्यापेक्षा आपलं गाणं मोठं वाजावं म्हणून कंपन्या ते चेपून वर ढकलत होत्या. २००८ साली मेटॅलिका या रॉक बँडचा ‘डेथ मॅग्नेटिक’ हा अल्बम आला, तेव्हा तीच गाणी ‘गिटार हीरो’ या व्हिडिओ गेममध्ये कमी चेपलेली असल्याचं चाहत्यांच्या लक्षात आलं आणि ओरड झाली. सगळं ८९ वर आणलं की या चेपण्याचा फायदा संपे, तोटा तेवढा उरे. गाणं मोठंही वाजत नसे आणि त्यातला ढोल अंगावरही येत नसे.

पुढे असं मोजमाप अधिकृत झालं. २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचं मानक आलं, २०१० मध्ये युरोपातल्या प्रसारकांनी उणे २३ लफ्सची (लफ्स म्हणजे कानाला जाणवणारा आवाज मोजायचं एकक) पातळी ठरवली. स्पॉटिफाय आणि यूट्यूब साधारण उणे १४ वर स्थिरावले. यूट्यूबच्या व्हिडिओवर राइट-क्लिक करून ‘स्टॅट्स फॉर नर्ड्‌स’ उघडलं की आवाज किती टक्क्यांवर आणलाय ते दिसतं. पण यूट्यूब मोठं गाणं खाली आणतं, हळू गाणं वर नेत नाही. तिथे हळू आवाजात चढवलेलं नाट्यपद आजही हळूच वाजतं. ते वाढवायचं काम ऐकणाऱ्याकडेच.

ओपस या नव्या फॉरमॅटच्या फाइलीत मात्र सुरुवातीलाच आवाजाच्या पातळीचा एक रकाना आहे आणि तो प्रत्येक प्लेअरने पाळावा अशी अपेक्षा मानकातच लिहिलेली आहे. पायरीही आता दीड डेसिबलची नाही, एका डेसिबलच्या २५६ व्या भागाची.