हुशार लेकरासाठी नवोदयचं दार



"पोरगी लई हुशार आहे, पण आपल्याकडं काय सोय?" चारठाण्यात असो की जिंतूर तालुक्यातल्या दुसऱ्या कुठल्या गावात, बचत गटाच्या बैठकीत हे वाक्य आपण नेहमी ऐकतो. सोय आहे. तिचं नाव जवाहर नवोदय विद्यालय. ती कशी चालते, ते आज आम्ही सांगणार आहोत.

हुशार लेकरं खेड्यातही जन्मतात, पण चांगली शाळा बहुतेक वेळा पैसेवाल्याच्या लेकराला मिळते. हे बदलावं म्हणून या शाळा निघाल्या. १९८५-८६ साली प्रयोग म्हणून दोनच होत्या: एक हरियाणात झज्जरला, दुसरी आपल्या महाराष्ट्रात अमरावतीला. पुढे १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार त्या जिल्ह्याजिल्ह्यांत पोचल्या. लेकरू सहावीत जातं आणि बारावीपर्यंत तिथंच राहून शिकतं. राहणं, जेवण, पुस्तकं, गणवेश यांचा खर्च सरकार करतं. नववीपासून काही मुलांना महिन्याला थोडा विकास निधी भरावा लागतो. मुलींना तो माफ आहे, अनुसूचित जाती-जमातीच्या आणि दारिद्र्यरेषेखालच्या घरातल्या मुलांनाही माफ आहे.

एका शाळेत सहावीला जास्तीत जास्त ८० जागा असतात. त्यातल्या किमान ७५ टक्के ग्रामीण भागातल्या लेकरांसाठी आणि एक तृतीयांश मुलींसाठी. म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकणारी आपली लेक कुणाच्या मेहेरबानीनं तिथं जात नाही. ती जागा तिच्यासाठीच ठेवलेली आहे.

पाचवीत असताना परीक्षा होते. आयुष्यात ती एकदाच देता येते. दोन तास, ८० प्रश्न, १०० गुण. मराठीतून देता येते. अर्ज ऑनलाइन भरायचा, त्याला फी नाही. उत्तर चुकलं तर गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न रिकामा सोडू नये.

निम्मे गुण बुद्धिमत्तेच्या ४० प्रश्नांना आहेत. त्यात नुसत्या आकृत्या असतात. चार आकृत्यांत वेगळी कोणती? आरशात ही कशी दिसेल? घडी घातलेला कागद कातरून उलगडला तर भोकं कुठं पडतील? याचा सराव घरात होतो. गोधडीचा एक कोपरा झाकून "इथं कोणता तुकडा येईल?" विचारा. अर्धी रांगोळी काढून उरलेली अर्धी लेकराला काढू द्या. बाकीचे निम्मे गुण गणित आणि भाषेचे. भाषेत उतारा वाचून उत्तरं द्यायची असतात, म्हणून रोज एक पान मोठ्यानं वाचून घ्या. आपल्याला वाचता येत नसलं तरी ऐकता तर येतं.

आता जिथं घोडं अडतं ते सांगतो. ग्रामीण जागेसाठी तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षं ग्रामीण भागातल्या शाळेत पूर्ण झालेली लागतात, आणि पाचवी त्याच जिल्ह्यात. दिवाळीनंतर ऊसतोडीला निघालेल्या घराचं लेकरू सोबत गेलं, तर शाळा तुटते, परीक्षाही हुकते. आजी-आजोबांजवळ ठेवता येतं का, हंगामी वसतिगृहाची सोय होते का, हे शाळा व्यवस्थापन समितीत दसऱ्याआधीच विचारा. वयाचीही अट असते, म्हणून शाळेतली जन्मतारीख आधारकार्डाशी जुळते का, ते चौथीतच बघा.

दुसरी अडचण मनाची. दहा-अकरा वर्षांचं लेकरू घरापासून लांब पाठवायचं म्हटलं की पोटात कालवतं. त्यात मुलगी असली की घरातले नकोच म्हणतात. लेकराला विचारल्याशिवाय पाठवू नका, आणि मुलगी आहे म्हणून थांबवूही नका. नववीत काही मुलांना वर्षभर दुसऱ्या भाषेच्या राज्यातल्या नवोदयमध्ये पाठवतात, हेही आधीच माहीत असू द्या.

शेवटचं आणि महत्त्वाचं. ८० जागांसाठी अर्ज खूप येतात. नंबर लागला नाही म्हणून लेकरू ढ ठरत नाही. नववीच्या रिकाम्या जागांसाठी नवोदयची वेगळी परीक्षा असते. राज्याची शिष्यवृत्ती परीक्षा आहे. आठवीत एनएमएमएस परीक्षा आहे. तीत निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. तिला कुटुंबाचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत लागतं.

पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की एक काम करा. गटातल्या कुणाकुणाची लेकरं चौथी-पाचवीत आहेत, त्यांची नावं वहीत लिहा. मग दोघी-तिघी मिळून गुरुजींना भेटा आणि अर्जाची तारीख विचारून घ्या. जी लेकरं वर्गात गप्प बसतात, त्यांचीही नावं लिहा.