तीन आकड्यांत दिलेला शब्द

सॉफ्टवेअर लायब्ररी म्हणजे इतरांनी आपल्या प्रोग्रॅममध्ये जशीच्या तशी वापरावी म्हणून लिहून ठेवलेला कोड. तारखांचा हिशेब, फोटोचा आकार बदलणे, सर्व्हरशी संपर्क ही कामे प्रत्येक ॲपसाठी कोणी नव्याने लिहीत बसत नाही. तयार पॅकेज घेतले जाते. त्या पॅकेजला दुसरी पॅकेजे लागतात, त्यांना आणखी तिसरी. एखाद्या साध्या वेबसाइटमागेही शेकडो पॅकेजांची साखळी असू शकते आणि त्यांचे लेखक एकमेकांना ओळखतही नसतात. एकाने केलेल्या बदलाने दुसऱ्याचे काम मोडू नये, मोडणारच असेल तर निदान आधी कळावे, यासाठी आवृत्ती क्रमांकाची एक शिस्त रूढ झाली आहे. तिचे नाव सिमँटिक व्हर्जनिंग, थोडक्यात ‘सेमव्हर’.

गिटहबच्या संस्थापकांपैकी एक, टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी हे नियम लिहिले, त्यांची 2.0.0 ही आवृत्ती 2013 मध्ये आली. समजा, एका लायब्ररीचा क्रमांक 2.4.1 आहे. नुसती चूक दुरुस्त केली तर पुढची आवृत्ती 2.4.2. जुने सगळे चालू ठेवून नवी सोय दिली तर 2.5.0. एखादे फंक्शन काढून टाकले किंवा त्याची वागणूक बदलली, म्हणजे वापरणाऱ्यांना स्वतःचा कोड बदलावा लागणार असेल, तर 3.0.0. पहिला आकडा शून्य असेल तर पॅकेज अजून घडते आहे, त्यात काहीही बदलू शकते, असे समजायचे. काही लायब्रऱ्या या शून्यावर वर्षानुवर्षे राहतात. हजारो लोक विसंबून असताना ही पळवाट राखून ठेवणे बरे नव्हे. एकदा प्रसिद्ध केलेल्या आवृत्तीत मागाहून काहीही बदलायचे नाही, हाही नियमच आहे.

या आकड्यांवर यंत्रेही विश्वास टाकतात. जावास्क्रिप्टची पॅकेजे आणून बसवणाऱ्या एनपीएममध्ये ‘^1.4.0’ लिहिले की 1.4.0 पासून 2.0.0 च्या अलीकडची कोणतीही आवृत्ती चालते. दुरुस्त्या आपोआप मिळतात, ही मोठीच सोय. पण क्रमांक लेखकच ठरवतो. त्याने शब्द पाळला की नाही, हे एनपीएम तपासत नाही. टर्मिनलवरची अक्षरे रंगवणाऱ्या ‘कलर्स’ पॅकेजमध्ये जानेवारी 2022 मध्ये त्याच्या लेखकानेच जाणूनबुजून कधीही न संपणारे लूप घातले. 1.4.0 नंतर आलेल्या 1.4.1 मध्ये आकडा बदलला होता तो फक्त शेवटचा. त्यामुळे ती आवृत्ती अनेक ठिकाणी निमूटपणे उतरली आणि स्क्रीनवर ‘लिबर्टी’ हा शब्द आणि निरर्थक चिन्हे यांचा लोट सुरू झाला. वापरात असलेल्या नेमक्या आवृत्त्या लॉक फाइलमध्ये नोंदवून त्याच बसवणाऱ्यांना ही झळ लागली नाही. 2017 पासून एनपीएम ती फाइल स्वतःच तयार करते. प्रोजेक्टच्या कोडसोबत ती जपून ठेवायलाच हवी.

प्रामाणिक लेखकापुढचा पेच मात्र याहून अवघड असतो. सी भाषेत मेमरीतला मजकूर एका जागेवरून दुसरीकडे उतरवणारे ‘मेमकॉपी’ हे फंक्शन आहे. दोन जागा एकमेकींवर येत असतील तर ते वापरू नये, ‘मेममूव्ह’ वापरावे, असे भाषेचा प्रमाणित नियम सांगतो. लिनक्सवरच्या जीलिबसी लायब्ररीत हा नियम मोडणाऱ्यांचेही एरवी निभावून जात होते. 2010 च्या सुमारास वेग वाढवण्यासाठी काही प्रोसेसरांवर मेमकॉपी शेवटाकडून उलट दिशेने मजकूर उतरवू लागले आणि फेडोरा 14 या लिनक्स प्रणालीवर, ब्राउझरमध्ये गाणी-व्हिडिओ वाजवणाऱ्या फ्लॅश प्लेयरचा आवाज फाटू लागला. नियमाने चूक फ्लॅशची होती. पण गाणे ऐकणाऱ्याला त्याचे काय? लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनीही त्या वादात वापरणाऱ्याचीच बाजू घेतली, आणि ते योग्यच होते. अखेर जीलिबसी 2.14 मध्ये आधी तयार झालेल्या प्रोग्रॅमांना जुन्यासारखे वागणारे मेमकॉपी आणि नव्याने बांधलेल्यांना नवे, अशी व्यवस्था झाली.

गूगलमध्ये काम केलेले अभियंते हायरम राइट यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम हेच सांगतो: वापरणारे पुरेसे वाढले की लायब्ररीच्या दिसेल त्या प्रत्येक वागणुकीवर कोणी ना कोणी विसंबलेले असते, मग तिची हमी दिलेली असो वा नसो. म्हणून शेवटचा आकडा वाढला तरी स्वतःच्या चाचण्या चालवून पाहण्याला पर्याय नाही.

पहिला आकडा वाढवणे तर फारच महाग पडते. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेची तिसरी मोठी आवृत्ती, पायथन 3, डिसेंबर 2008 मध्ये आली. पायथन 2 मध्ये 7 ला 2 ने भागले की 3 मिळत, नव्यात 3.5 मिळू लागले. असे बदल पचवायला लोकांना इतका वेळ लागला की पायथन 2 चा आधार थेट 1 जानेवारी 2020 ला थांबला. गो भाषेने यातून वेगळी वाट काढली. तिथे दुसऱ्या मोठ्या आवृत्तीपासून पॅकेजच्या पत्त्यातच आवृत्तीचा आकडा घालावा लागतो. त्यामुळे एकाच प्रोग्रॅममध्ये जुनी आणि नवी लायब्ररी शेजारी शेजारी चालते आणि कोडचा एकेक भाग सवडीने नव्यावर नेता येतो.