पत्ते हातात बघा की!

कोल्हापुरात पावसानं एकदा झड धरली, की आमच्याकडे पत्ते बाहेर निघतात. गेल्या श्रावणात असाच मेंढीकोट रंगला होता. मी आणि आमचे हे एका बाजूला, दीर आणि जाऊबाई दुसऱ्या. चौकटची मेंढी तेवढी यायची राहिली होती. ती यांच्याकडे असली तर माझा एक्का लगेच उतरायचा. विरोधकांकडे असली तर राखून ठेवायचा. काय करावं? तेवढ्यात यांनी चष्मा वर सरकवला. मी एक्का टाकला, यांनी त्यावर मेंढी!

"वहिनी, पत्ते हातात बघा की! दादाच्या तोंडाकडं काय बघताय?" दीर म्हणाले. सगळे हसले, मला मात्र राग आला. आम्ही खूण ठरवली नव्हती. चष्मा सरकवल्याचं यांना ठाऊकही नव्हतं. पण माझा लेक शेजारी बसून बघत होता. "आई, मग खूण चालते?" त्यानं विचारलं आणि मला उत्तर सुचेना.

उत्तर मिळालं ते ब्रिजच्या नियमांत. मेंढीकोटासारखाच तोही चौघांचा, जोडीजोडीनं खेळायचा डाव. तेरा-तेरा पानं, आधी बोली, मग खेळ. जोडीदाराशी बोलायचं ते फक्त बोलीतून आणि पानांतून. तो अडखळला, सुस्कारा सोडला, पान जोरात आपटलं, तर त्यातून कळलेलं वापरायचं नाही. समोर दोन योग्य वाटा असतील, तर त्याच्या हावभावानं सुचवलेली वाट सोडायची. मनात कपट होतं की नव्हतं हा प्रश्नच नाही. गंमत म्हणजे तोच हावभाव विरोधकांनी वाचला तर चालतो, स्वतःच्या जबाबदारीवर!

मोठ्या स्पर्धांतही हे वाद झाले आहेत. १९६५ मध्ये ब्युनॉस आयर्सला रीस आणि शापिरो या ब्रिटिश जोडीवर बोटांनी खुणा केल्याचा आरोप झाला. जागतिक संघटनेनं त्यांना दोषी धरलं. १९६६ मध्ये ब्रिटनमधल्या चौकशीनं निर्दोष ठरवलं. १९७५ च्या जागतिक स्पर्धेत तर टेबलावर आडवा पडदा आला, जोडीदाराचं तोंडच दिसू नये म्हणून. बोलीही आता तोंडानं न करता छापील पत्त्या मांडून करतात, म्हणजे आवाजाचा चढउतार नको. २०१८ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत मुंबईच्या हेमा देवरा ज्या मिश्र संघात होत्या, त्यानं ब्राँझपदक मिळवलं, ते अशाच शिस्तीच्या खेळात.

आपल्या सतरंजीवर पडदा कुठून आणणार? आणि इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्याचा चेहरा वाचता येतो, तो न वाचणं तरी कसं जमावं? भाजीत मीठ कमी पडलं हे पहिल्या घासालाच त्यांच्या भुवयांवरून कळतं! कळणं आपल्या हातात नाही, पण कळल्यावर कुठलं पान टाकायचं ते आहे.

पुढच्या रविवारी डाव मांडण्याआधीच मी जाऊबाईंना सांगून टाकलं, "हे चष्मा सरकवतात ना, तेव्हा हातात मेंढी असते." हे चकितच झाले. मग एका डावात पुन्हा तसाच पेच आला, पुन्हा चष्मा हलला. मी एक्का राखून ठेवला. मेंढी गेली, डावही गेला.

लेकानं पानं गोळा केली आणि म्हणाला, "आई, आता मी पिसतो."