घाईचा नफा किती?

व्यापारात सब्र लागतो हे आपणा व्यापारी बांधवांना कोणी शिकवावे लागत नाही. गिऱ्हाईक दहा थान उलगडायला लावते आणि काही न घेता उठून जाते, तरी आपण हसतमुखाने घड्या घालतो. पण तोच माणूस गाडीत बसला की पुढे घुसलेल्या ऑटोमुळे आणि मागच्या हॉर्नमुळे संतापतो. याचे कारण रस्त्यावर शोधण्याआधी दुकानात शोधावे. बरीचशी घाई दुकानातूनच निघते.

आपल्या हुडकेश्वरचेच पाहा. नरसाळ्याबरोबर हा भाग २०१३ साली नागपूर महापालिकेत आला. आता गांधीबाग-इतवारीहून माल आणणारे दुकानदार, सायकलवरची शाळकरी मुले आणि दुचाकीवर कामाला निघालेले कारागीर एकाच रस्त्यावर असतात. जवळच्या उमरेड मार्गावर तर कोळशाचे जड ट्रकही धावतात. अशा ठिकाणी चिडलेला चालक स्वतःसह दुसऱ्यांचाही जीव धोक्यात घालतो.

घाईचा हिशेब मांडून पाहू. ४० किलोमीटरचे अंतर ताशी ६० च्या वेगाने ४० मिनिटांत आणि ८० च्या वेगाने ३० मिनिटांत कापले जाते. म्हणजे नफा फक्त १० मिनिटांचा, आणि तोही मोकळा रस्ता मिळाला तर. आता तोटा पाहा. ६० च्या वेगात ब्रेक लागल्यावर गाडी कोरड्या रस्त्यावर साधारण १८ मीटरमध्ये थांबत असेल, तर ८० च्या वेगात तिला ३२ मीटर लागतात. ओल्या रस्त्यावर किंवा गाडीत माल ठासून भरला असल्यास त्याहून जास्त. केंद्रीय परिवहन मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांपैकी ७१ टक्क्यांहून अधिक अतिवेगामुळे झालेल्या अपघातांत गेली.

ही घाई कशी तयार होते? आपण गिऱ्हाइकाला 'बारा वाजता माल पोचतो' असा शब्द देतो आणि गाठी अकरा वाजता भरायला घेतो. मग चालकाला दर दहा मिनिटांनी 'कुठे पोचलास?' म्हणून फोन करतो. हातात फोन धरून गाडी चालवणे मोटार वाहन कायद्याने गुन्हा आहे, आणि तो करायला भाग पाडणारे आपणच असतो. चालक सिग्नल तोडतो तेव्हा दोष एकट्या त्याचा मानू नये.

लांबच्या प्रवासात थकवा हा रागाइतकाच मोठा शत्रू. ५ जून २०२५ पासून समृद्धी महामार्ग नागपूरपासून भिवंडी तालुक्यातील आमणेपर्यंत सलग खुला आहे. भिवंडीचा माल त्यामुळे लवकर येतो खरा, पण ७०१ किलोमीटरच्या सरळ, एकसुरी रस्त्यावर डोळा केव्हा लागला ते कळत नाही. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने चालकासाठी दिवसाचे ८ तास काम आणि सलग ५ तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती ठरविली होती. एवढा हिशेब प्रत्येक मालकाने पाळलाच पाहिजे. रात्रभर जागलेल्या माणसाला सकाळी पुन्हा गाडीवर बसवू नये.

रमजानमध्ये तर विशेष काळजी हवी. सहरीसाठी झोपमोड झालेली असते, दिवसभर पाण्याचा घोट नसतो आणि इफ्तारच्या आधी प्रत्येकाला घर गाठायचे असते. गाडीत खजूर आणि पाण्याची बाटली ठेवावी. वेळ झाली की गाडी बाजूला घेऊन तिथेच रोजा सोडावा. घरचे दस्तरखान अर्धा तास थांबेल.

एवढे करूनही गाडीला गाडी घासलीच तर खाली उतरून भांडू नये. दोन खोल श्वास घ्यावेत, गाडीचा नंबर टिपावा आणि कोणी जखमी असेल तर आधी १०८ वर फोन करावा. २०१९ च्या दुरुस्तीने जखमीला सद्भावनेने मदत करणाऱ्याला कायद्याचे संरक्षण दिले आहे, तेव्हा मदतीला कचरू नये.

बांधवांनो, उद्यापासून गिऱ्हाइकाला वेळ सांगताना अर्धा तास वाढवून सांगा, गाठी आदल्या रात्री बांधून ठेवा आणि गाडी रस्त्यात असताना फोन करू नका. माल उशिरा पोचला तर गिऱ्हाइकाची समजूत घालता येते. चालकाच्या घरी काय सांगणार?